दाराला हात असतात का

धडा पहिला : वाक्य

ज्या शब्दसमूहातून पूर्ण अर्थ कळतो त्याला वाक्य म्हणतात. समूह, म्हणजे एकाहून जास्त. एकटा शब्द वाक्य होत नाही.

ही व्याख्या मी चार वर्षं एकाच फळ्यावर लिहीत आले. रंगकारखान्याचं वाचनालय सायकल स्टँडच्या वर आहे. सकाळी मी शाळेत पाचवीला शिकवते आणि दुपारी चारला, पहिली पाळी सुटली की, इथे मोठ्या माणसांचा वर्ग घेते. बाराजण आहेत. सूत रंगवणारे, पिळणारे, वाळवणारे. नखांत निळं-जांभळं, वह्यांच्या कोपऱ्यांवरही तेच. अर्ज लिहिता यावा, नोटीस वाचता यावी, एवढ्यासाठी ते येतात.

पहिल्या बाकावर बारावा, कारखान्याच्या ऑफिसातला कारकून. त्याला लिहिता-वाचता येतं, पण हेडक्लार्कच्या परीक्षेत व्याकरणाचा पेपर असतो आणि त्यात तो दोनदा आपटलाय. पूर्णविराम इतका दाबून देतो की कागदाला भोक पडतं, म्हणून वर्गाने त्याचं नाव पूर्णविराम ठेवलं. तो रागवत नाही. "भोक पडलं तरी वाक्य संपलं ना?" म्हणतो.

शेवटच्या बाकावर माझा धाकटा भाऊ. तो विद्यार्थी नव्हता. वाफेच्या पेटीवर कामाला होता. पाळी सुटली की मला घरी न्यायला यायचा आणि तासभर टवाळी करत बसायचा.

"ताई, मी वाक्यातलं काय गं?"

"तू केवलप्रयोगी अव्यय."

"म्हणजे?"

"अरेरे, अबब, छे. वाक्यात असलास काय नि नसलास काय, बाकीच्या शब्दांचं काही अडत नाही."

"बघा," तो वर्गाला म्हणाला, "सख्खी बहीण आहे हं."

वर्ग हसला. पूर्णविरामाने ते वहीत उतरवून घेतलं. तो सगळंच उतरवून घ्यायचा.

धडा दुसरा : कर्ता

क्रिया करणारा तो कर्ता. क्रियापदाला 'कोण?' नाहीतर 'कोणी?' असं विचारायचं. जे उत्तर येईल तो कर्ता.

"आणि दिसतच नसला तर?" पूर्णविरामाने विचारलं.

"दिसत नाही म्हणजे नाही, असं समजू नका. 'पाणी आण.' कोणी आणायचं? तू. तो लपलेला आहे. त्याला अध्याहृत कर्ता म्हणतात. शोधून काढायचा आणि कंसात लिहायचा. कर्त्याशिवाय वाक्य सोडून द्यायचं नाही."

"पोलिसात जाऊ का मग?" मागून भाऊ म्हणाला.

"तुला कोण घेतंय?"

"कोण घेतंय? बघ, कर्ता विचारलास."

धडा तिसरा : स्वाध्याय

खालील वाक्यांतील कर्ता ओळखा.

दहा वाक्यं दिली होती. पूर्णविरामाची नऊ बरोबर आली. सातवं चुकलं.

७. दार उघडले. कर्ता – दार.

मी 'दार' खोडलं आणि लाल शाईने वर '(त्याने)' लिहिलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण उकाडा होता, पाचवीच्या सदतीस वह्या अजून तशाच पडल्या होत्या, आणि मला विनोद करायची हुक्की आली. समासात लिहिलं, 'दाराला हात असतात का?'

त्याला ते फार आवडलं. बाकाबाकावर जाऊन त्याने वही दाखवली. पुढे पंधरा दिवस वर्गाचं दार कोणी उघडं टाकलं की दुसरा म्हणायचा, "दाराला हात असतात का रे?"

धडा चौथा : क्रियापद

कर्म लागतं ते सकर्मक, लागत नाही ते अकर्मक. मी झोपले. मी भाकरी भाजली.

त्या दिवशी भाऊ शेवटच्या बाकावर गप्प होता. घरी जाताना बोलला.

पेटी म्हणतात, पण ती खोलीएवढी आहे, लोखंडी. रंगवलेलं सूत गाड्यावरून आत ढकलतात, दार लावतात, वाफ सोडतात. त्या दाबाने रंग पक्का बसतो. दाराच्या मध्ये चाक, कडेने चार खिट्ट्या. बाहेरच्या काट्यावर दाब दिसतो. काटा शून्यावर आला की मगच चाक फिरवायचं, त्याआधी हात लावायचा नाही.

"एक खिट्टी तारेनं बांधलीये, ताई," भाऊ म्हणाला. "वाफ चढली की थरथरते. तीनदा सांगितलं. म्हणतात, लिहून दे."

"मग दे लिहून."

"मला कुठे येतंय तुझ्यासारखं? तूच दे."

"बारा माणसांना अर्ज शिकवते मी, आणि घरातला एक तसाच. आळशी कुठला. रविवारी बस माझ्यासमोर, लिहून घेते तुझ्याकडून."

तो मंगळवार होता.

धडा पाचवा

(प्राथमिक वर्गासाठी वगळला आहे.)

धडा सहावा : भूतकाळ

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला पेटीचं दार उघडलं. आत दाब होता. वाफ बाहेर आली. गाडा ओढायला समोर उभा असलेला माणूस तिथेच गेला. तो आमच्या समोरच्या घरात राहायचा. माझा भाऊ दाराच्या बाजूला होता. तो दोन दिवस जगला.

वरच्या परिच्छेदातलं पहिलं वाक्य मी कितीदा लिहिलं ते सांगत नाही.

हॉस्पिटलात त्याच्या अंगावर जाळीचा पिंजरा ठेवून वरून चादर टाकली होती, म्हणजे चादर त्वचेला लागायला नको. बोलणं जवळजवळ नव्हतंच. कण्हण्याचे आवाज होते, ज्यांना व्याकरणात केवलप्रयोगी म्हणतात. मी एका बाजूला बसायचे, भावजय दुसऱ्या बाजूला. शनिवारी दुपारी मी औषधं आणायला खाली गेले, तेव्हा पूर्णविराम जबाब घ्यायला येऊन गेला. तो साहेबाच्या हुकमाने आला होता. भाऊ रविवारी गेला. त्याच रविवारी मी त्याच्याकडून अर्ज लिहून घेणार होते.

तेराव्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर प्राथमिक अहवाल लागला. जबाबाचा उतारा दोन ओळींचा होता.

'(मी) दार उघडले. वाफ आली.'

आणि त्याखाली निष्कर्ष. 'कामगाराने दाब उतरण्याआधी दार उघडले.'

कंस मी ओळखला.

धडा सातवा : विभक्ती

'ने' हा तृतीयेचा प्रत्यय. दोन अक्षरंसुद्धा नाहीत.

आमचं दार आणि समोरचं दार यांच्यामध्ये चार हात जागा आहे. अकरा वर्षं दोन्ही घरांचं पाणी एका नळावर भरलं. समोरची माझ्या भावजयीला आधी "अगं, माझी कळशी लाव गं," म्हणायची. अहवाल लागला त्या संध्याकाळी तिने आमच्याकडची दोन पातेली, एक झारा आणि मुलाचा स्वेटर आमच्या पायरीवर आणून ठेवला. भावजय दारात उभी होती.

"तुझ्या नवऱ्याने दार उघडलं," समोरची म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी वाचून घेतलंय एकाकडून."

भावजय खाली वाकली. पातेली उचलून आत घेतली.

दुसऱ्या दिवसापासून समोरची नळावर पहाटे जायला लागली, आमच्या आधी. तिच्याकडे बघवत नव्हतं. नवरा गेलेल्या बाईला दोष कुठेतरी ठेवायला जागा लागते, आणि कारखान्याने ती जागा तिला दाखवून दिली होती. माझ्या भावाने तिच्या नवऱ्याला मारलं.

अंतिम चौकशी महिनाअखेरीला होती. तिथे जे वाक्य ठरेल ते पत्र्यावर रंगवून पेटीच्या खोलीत लावणार होते, नव्या माणसांना ताकीद म्हणून. कारखाना उभा आहे तोवर ते तिथे राहणार. भावाचा मुलगा सहा वर्षांचा आहे. नुकताच जोडाक्षरं वाचायला लागलाय.

धडा आठवा : प्रश्नार्थक वाक्य

पूर्णविरामाला मी जिन्यात गाठलं.

"जबाब घेताना काय विचारलंत?"

"फॉर्मवर होतं तेच, बाई."

"फॉर्मवर काय होतं?"

त्याने खिशातून घडी केलेला कोरा फॉर्म काढला. असे तो नेहमी दोन-चार जवळ ठेवतो. कलम तीन, छापील. 'कामगाराने काय केले?'

"आणि तो काय म्हणाला?"

"दार उघडलं."

"एवढंच?"

"पुढे वाफ आली म्हणाला. पूर्ण वाक्यं तेवढीच."

"आणि 'मी'?"

"'मी' तो नाही म्हणाला." तो माझ्याकडे बघत होता, वर्गात बघायचा तसा, उत्तर बरोबर आल्याची खात्री असल्यासारखा. "तो अध्याहृत होता. म्हणून कंसात टाकला. उघडं लिहिलं असतं तर खोटं झालं असतं."

"काय झालं, असं विचारलं असतंत तर?"

"तसं कलम नाहीये."

"पण विचारलं असतंत, तर त्याने काय उत्तर दिलं असतं?"

त्याने कलम तीन पुन्हा एकदा वाचलं. प्रामाणिक माणूस आहे.

"दार उघडलं," तो म्हणाला.

आणि मग त्याला ते दिसलं. मला कळलं की त्याला दिसलंय, कारण त्याने फॉर्म पुन्हा घडी करायला घेतला आणि घडी जमेना.

"पण तुम्ही तर, बाई," तो म्हणाला, "सातवं चूक दिलं होतंत."

धडा पाचवा, उशिरा घेतलेला : उभयविध क्रियापदे

काही क्रियापदं दोन्हीकडे चालतात. कर्म घेऊनही आणि कर्माशिवायही.

त्याने काठी मोडली. काठी मोडली.
तिने भांडं आपटलं. भांडं आपटलं.
त्याने दार उघडलं. दार उघडलं.

पहिल्या रांगेतला माणूस पुसून टाकला की दुसरी रांग उरते. आणि दुसऱ्या रांगेकडे नुसतं बघून तिथे माणूस होता की नव्हता ते सांगता येत नाही. 'दार उघडलं' याचा अर्थ कोणीतरी उघडलं असा होतो, आणि खिट्टी तुटली, दार आपलं आपण उघडलं असाही होतो. शब्द तेच. क्रियापदाचं रूप तेच, कारण ते दोन्ही वेळा दारामागेच चालतं. बोलणाऱ्याला माहीत असतं. ऐकणाऱ्याने विचारायचं असतं.

हे मला येत होतं. परीक्षेत मी यावर गुण मिळवलेत. पण नवशिक्यांचा गोंधळ उडतो, म्हणून हा धडा मी चारही वर्षं गाळला. सोपं करून सांगितलं. बारा माणसांना सांगितलं की प्रत्येक क्रियेमागे कोणीतरी असतो, तो शोधा आणि लिहा.

धडा नववा : संभाषण

चौकशी अधिकारी बाहेरून आला होता. सभ्य माणूस. त्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. टेबलाच्या पलीकडे मॅनेजर, कडेला पूर्णविराम लिहून घ्यायला.

मी जाडं व्याकरण घेऊन गेले होते. खूण घातलेलं पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मी तारेनं बांधलेल्या खिट्टीचंही सांगितलं.

"खिट्टीची लेखी तक्रार आहे?"

"नाही."

"खिट्टी आहे?"

"सगळं बदललंय," मॅनेजर म्हणाला. "सुरक्षेच्या दृष्टीने."

"बरं. मग राहता राहिलं हे वाक्य." अधिकाऱ्याने पुस्तकावर बोट ठेवलं. "म्हणजे बाई, याचे दोन अर्थ होतात."

"हो."

"दोन्ही बरोबर?"

"व्याकरणाने दोन्ही बरोबर."

"मग कारखान्याने त्यातला एक घेतला, तर तो चूक आहे असं तुम्ही म्हणाल का?"

खोटं बोलता आलं असतं. पण पुस्तक त्याच्यासमोर मीच उघडं ठेवलं होतं.

"चूक म्हणता येणार नाही," मी म्हणाले. "बरोबरही म्हणता येणार नाही."

"चूक म्हणता येणार नाही," त्याने पूर्णविरामाला सांगितलं. पूर्णविरामाने लिहिलं.

मग मॅनेजरने एक वही पुढे सरकवली. कोपरे जांभळे. कुठलं पान ते मला लांबूनच कळलं. पूर्णविरामाने मान खाली घातली. वही त्याच्याकडून मागून घेतली होती, की त्याने आपण होऊन दिली होती, ते मी आजवर विचारलेलं नाही.

अधिकाऱ्याने वाचलं. ओठाच्या कडेला थोडं हसू आलं, ते त्याने आवरलं.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"अपघाताच्या किती आधीचं?"

"अडीच महिने."

"हेच वाक्य. 'दार उघडले.' विद्यार्थ्याने कर्ता 'दार' लिहिला, तो तुम्ही खोडलात. आणि इथे काय लिहिलंय, वाचता?"

"तुम्ही वाचलंत ना."

"नोंदीसाठी."

"दाराला हात असतात का," मी वाचलं.

खोलीत कोणी हसलं नाही. तोच विनोद, पण त्या दिवशी त्याला कोणी गिऱ्हाईक नव्हतं.

"ती माझी चूक होती," मी म्हणाले. "मुलाने बरोबर लिहिलं होतं." मोठ्या माणसाला मुलगा म्हणाले, तोंडातून गेलं.

"बाई," अधिकारी म्हणाला, खरोखरच हळुवारपणे, "तुम्ही भावाच्या बहीण आहात. अडीच महिन्यांपूर्वी तुम्ही फक्त शिक्षिका होतात. मी कोणाचं ऐकू?"

धडा दहावा : रिकाम्या जागा भरा

पेटीच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत :

कामगाराने दाब उतरण्याआधी दार उघडले. दोघांचा मृत्यू झाला. काटा बघा.

इथे भरायला जागा राहिलेली नाही.

धडा अकरावा

भावजय कधी शाळेत गेली नाही. पत्रा लागला त्या दिवशी तिने मला विचारलं, "काय लिहिलंय हो, वन्सं?" मी जसं होतं तसं वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"कामगाराने म्हणजे ह्यांनी?"

"हो."

"पण हे तसं नव्हते म्हणाले."

"वहिनी, ते वाक्य दोन्हीकडे लागतं. तेच तर मी तिथे..."

"वाक्याचं मला नाही कळत. मी विचारलं होतं ना त्यांना."

"काय विचारलं होतंस?"

"तो तुमचा लिहिणारा होता तेव्हाच. हे म्हणाले, दार उघडलं. त्याने लिहून घेतलं. मी म्हटलं, अहो, कोणी?" तिने एक खडा काढून बाजूला ठेवला. "तर म्हणाले, दार."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"मी म्हटलं, अहो, दार कळलं, पण कोणी उघडलं? तर पुन्हा तेच. दार. असं वैतागून म्हणाले. मला काही समजतच नाही म्हणायचे ना, तसं."

ज्या बाईला कर्ता हा शब्द माहीत नाही, तिने क्रियापदाला 'कोणी?' विचारलं होतं. मी शिकवते अगदी तसंच. आणि माझ्या भावाने, जो शेवटच्या बाकावर बसून नुसता दात काढायचा, जळलेल्या घशातून कर्ता सांगितला होता. दोनदा.

"मग हे त्याने लिहिलं का नाही?"

"मी म्हटलं त्याला, हे पण लिहा. तर म्हणाला, वहिनी, हा एकच शब्द आहे. एका शब्दाचं वाक्य होत नाही. जबाबात पूर्ण वाक्यच लागतं." ती तांदूळ पाखडायला उठली. "म्हणाला, बाईंनीच शिकवलंय. मला वाटलं, तुम्ही शिकवलंय म्हणजे तसंच असणार. तुम्हाला काय सांगायचं त्यात?"

धडा बारावा : अर्जलेखन

मी अर्ज केला. भावजयीचा अंगठा घेतला. नऊ दिवसांनी उत्तर आलं. सदर शब्द मूळ जबाबात आढळून येत नाही. सबब फेरचौकशीचे कारण दिसत नाही.

अर्जाची प्रत मी समोरच्या दाराच्या फटीतून आत सरकवली. संध्याकाळी ती आमच्या पायरीवर होती, न उघडलेली. त्यावर एक लहानसा दगड ठेवला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून.

उजळणी

वर्ग मी बंद केला नाही. बंद करून काय करणार होते? पुढच्या सोमवारी बाराच्या बाराजण आले. पूर्णविरामही आला, पहिल्या बाकावर बसला. परीक्षा महिन्यावर आली होती. शेवटच्या बाकावर कोणी बसलं नाही.

मी फळा पुसला आणि मधोमध लिहिलं,

दार.

"हे वाक्य आहे का?"

मला वाटलं होतं की ते थोडे अडतील. पण पहिला धडा त्यांचा पक्का होता.

"नाही, बाई," अकरा आवाज एकदम म्हणाले.

"का नाही?"

"एकटा शब्द वाक्य होत नाही," पिळाईवरची बाई म्हणाली. बरोबर उत्तर देताना ती नेहमी पदर सावरते, तसा तिने सावरला.

पूर्णविराम त्यांच्यात बोलला नव्हता. तो वहीत लिहीत होता. मी बाकाजवळ गेले. त्याने जबाबाचा कोरा फॉर्म वहीत ठेवून कलम तीनसमोर तो एक शब्द लिहिला होता, शाळेतल्या मुलासारखा मोठ्या अक्षरात. पुढे पूर्णविराम द्यायचा म्हणून पेन टेकवलं होतं आणि दाबत होता. फॉर्मला भोक पडलं, खालच्या पानाला पडलं, त्याच्या खालच्यालाही. तो थांबेना.

"पुरे," मी म्हणाले. "आता ते कोणी घेणार नाही."

"माहितेय, बाई," तो म्हणाला.

मग मी पाचवा धडा शिकवायला घेतला.